साशिको शिकताना: कापड धुण्यापासून शेवटच्या इस्त्रीपर्यंत, टप्प्याटप्प्याने

साशिको या जपानी टाकेकामाचा पहिला नमुना बहुतेकांकडून जवळजवळ एकाच प्रकारे बिघडतो. टाके दिसायला ठीक असतात, पण कापड मधोमध फुगते, कडा आत ओढल्या जातात आणि पहिल्या धुण्यानंतर चौकोन चौकोन राहत नाही. भरतकामाची सवय असलेला हात कापड गोल फ्रेममध्ये ताणून बसवतो, सुई एकदा खाली आणि एकदा वर घालतो आणि प्रत्येक टाक्यानंतर दोरा ओढून घेतो, हे त्यामागचे कारण असते. साशिकोची गणना भरतकामात होत असली तरी ती करण्याची रीत शिवणाची आहे. टाका म्हणजे आपला साधा धावदोराच असतो, फ्रेम मुळीच लागत नाही, आणि सुई जवळजवळ जागच्या जागी ठेवून कापड तिच्यावर चढवले जाते. घरी कधी गोधडी शिवली असेल तर हात अर्धा तयार आहे असे समजावे. फक्त जाड सुईची आणि दोरा आवळून घेण्याची सवय तेवढी सोडावी लागेल.

साशिकोचे दोन मुख्य प्रकार सुरुवातीलाच वेगळे ओळखावेत. मोयोझाशीत आखलेल्या सरळ किंवा वक्र रेषेवरून सलग धावदोरा घातला जातो, आणि त्यात पुढच्या बाजूचा टाका मागच्या बाजूच्या टाक्यापेक्षा थोडा मोठा, साधारण ३ ला २ या प्रमाणात असतो. हितोमेझाशीत चौकटींची जाळी आखून एका घराला एक टाका घालायचा असतो आणि पुढचा व मागचा टाका सारखाच असतो. या लेखात आधी हितोमेझाशीचा नमुना घेतला आहे, कारण त्यात टाक्याची लांबी जाळीच ठरवून देते आणि शिकणाऱ्याला सगळे लक्ष हाताच्या हालचालीकडे देता येते.

साहित्य: कशाला पर्याय चालतो, कशाला नाही

कापड सुती, साध्या विणीचे आणि किंचित सैल विणलेले हवे. जपानमध्ये सरावाचे रुमाल साराशी नावाच्या विरंजित सुती कापडावर करतात. त्याचा पन्ना ३३ ते ३४ सेंटीमीटर असतो आणि ते दुहेरी करून शिवलेल्या चौकोनी रुमालाला हानाफुकिन म्हणतात. आपल्याकडे मऊ मांजरपाट किंवा पातळ खादी उत्तम चालते. पॉपलीन आणि चादरीचे घट्ट विणलेले कापड टाळावे, कारण त्यातून जाड दोरा ओढताना प्रत्येक टाक्याला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की टाके आवळले जातात. पॉलिस्टरमिश्रित कापडाचा तर विचारही करू नये.

साशिकोचा दोरा सुती, बिनचमकीचा आणि सैल पिळाचा असतो. ओलिम्पस आणि दारुमा या दोन जपानी ब्रँडचे दोरे सहज ओळखता येतात. ते मिळाले नाहीत तर ८ नंबरचा पर्ल कॉटन वापरावा. त्याला थोडी चमक असते, पण जाडी जवळपास जुळते. भरतकामाचा सहा पदरी दोरा हा मात्र तडजोडीचा पर्याय आहे, कारण त्याचे पदर टाक्यात पसरतात आणि टाका तांदळाच्या दाण्यासारखा भरीव न दिसता चपटा दिसतो. साशिकोच्या दोऱ्याचे पदर कधीही सुटे करायचे नसतात; तो जसा आहे तसा एकेरी वापरायचा असतो.

सुई लांब, न वाकणारी, टोकदार आणि मोठ्या नेढ्याची हवी. सरळ रेषांसाठी सुमारे ५ सेंटीमीटरची सुई सोयीची पडते, कारण तिच्यावर एका वेळी अनेक टाके चढतात. वक्र रेषांसाठी त्याहून आखूड सुई बरी. तिसरी वस्तू म्हणजे अंगुस्तान, आणि नेमके तेच बहुतेकजण गाळतात. साशिकोचे अंगुस्तान बोटाच्या टोकावर बसणारी टोपी नसते. ती मधल्या बोटाच्या मुळाशी घालायची अंगठी असते आणि तिला तळहाताकडे एक छोटी चकती जोडलेली असते. ती मिळाली नाही तर जाड चामड्याची दोन बोटे रुंद पट्टी मधल्या बोटाच्या मुळाभोवती शिवून घ्यावी. माझी पहिली पट्टी जुन्या पर्सच्या पट्ट्यातून निघाली आणि ती अजून टिकून आहे.

टप्पा १: कापड धुणे आणि दुहेरी करणे

१. कापड कापण्यापूर्वी कोमट पाण्यात धुवावे, म्हणजे खळ निघून जाते आणि जे आकसायचे ते आधीच आकसते. गडद निळे कापड वेगळे धुवावे आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा पुन्हा बुचकळावे.

२. किंचित ओलसर असतानाच उभे-आडवे धागे काटकोनात येतील अशी इस्त्री करावी.

३. साराशी असेल तर ७० सेंटीमीटर लांबीचा तुकडा घेऊन तो सुलट बाजू आत ठेवून मधोमध दुमडावा, कापलेल्या दोन कडा एकमेकींवर आणून १ सेंटीमीटर आत टीप घालावी आणि तुकडा उलटवावा. दोन बाजूंना विणीचे काठ उघडे राहतील. ते नंतर काठापासून ५ मिलिमीटर आत धावदोरा घालून बंद होतात. मोठ्या पन्ह्याचे कापड असेल तर ३६ × ७० सेंटीमीटरचा तुकडा तसाच दुमडून उघड्या तिन्ही बाजूंना टीप घालावी आणि उलटवण्यासाठी ८ सेंटीमीटरची फट ठेवावी.

४. दोन्ही थर हाताने सपाट करून मधोमध फुलीच्या आकारात आणि कडेने सैल, लांब कच्चा दोरा घालावा.

सावधान: बाजारात छापील नक्षीचे तयार कापड मिळते. त्याच्या रेषा बहुधा पाण्याने जाणाऱ्या शाईच्या असतात, म्हणून ते आधी धुवायचे नाही. पहिली पायरी मन लावून पाळणाऱ्या व्यक्तीच्या हातात नक्षी नसलेले कोरे कापड येते, ते याच ठिकाणी.

टप्पा २: दोऱ्याची लडी सोडवणे

लडीचे टोक शोधून दोरा ओढायला गेले की पाच मिनिटांत गुंता होतो. म्हणून आधी लडीवरचे कागदी पट्टे काढावेत, पीळ उलगडून मोठे वेढे मोकळे करावेत आणि जिथे गाठ बांधलेली असते तिथेच सगळे वेढे एकदम कापावेत. सारख्या लांबीच्या दोऱ्यांचा जुडगा हातात येतो. दुसऱ्या टोकाला तो सैल बांधून त्याची तीन पेडी सैल वेणी घालावी. मग वेणीच्या वरच्या टोकातून एकेक दोरा अलगद ओढून घेता येतो आणि बाकीचे दोरे जागचे हलत नाहीत.

दोरा ६० ते ९० सेंटीमीटर ठेवावा. त्याहून लांब दोरा कापडातून इतक्या वेळा जातो की शेवटच्या टाक्यांपर्यंत त्याचा तंतू सुटून तो केसाळ होतो. लाल किंवा गडद निळा दोरा पांढऱ्या कापडावर वापरायचा असेल तर त्याचा तुकडा भिजवून पांढऱ्या चिंधीत दाबून पाहावा. चिंधीला रंग लागला तर दोरा आधी धुऊन वाळवावा.

टप्पा ३: आखणी

पहिल्या नमुन्यासाठी कापडाच्या मधोमध १२ × १२ सेंटीमीटरचा चौकोन आखून त्यात ५ मिलिमीटरची जाळी काढावी. प्रत्येक बाजूला २४ घरे होतील आणि २५ उभ्या व २५ आडव्या रेषा येतील. दोन्ही मिळून रेषांची लांबी ६ मीटर भरते, म्हणजे वळणे आणि टोके धरूनही २० मीटरच्या एका लडीत हा सराव दोनदा होतो. तीच जाळी ३० × ३० सेंटीमीटरवर पसरली तर रेषा सुमारे ३७ मीटर भरतात, त्यामुळे पूर्ण रुमालाला एक लडी पुरेल हा अंदाज चुकतो आणि शेवटचा भाग वेगळ्या रंगछटेच्या दोऱ्याने करावा लागतो. दोरा आधी मोजून एकदमच घ्यावा.

रेषा घरे मोजत पुढे सरकवत आखू नयेत. पट्टीवर ०, ५, १०, १५ असे मिलिमीटरचे बिंदू एका फटक्यात चारही बाजूंना लावून समोरासमोरचे बिंदू जोडावेत. अर्ध्या मिलिमीटरची चूक दर घराला पुढे गेली तर २४ व्या घरापर्यंत ती १२ मिलिमीटर होते.

सावधान: पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनवर इस्त्री फिरवली तर रेषा पक्की होऊ शकते, म्हणून धुण्यापूर्वी इस्त्री नको. उष्णतेने पुसणाऱ्या पेनची रेषा इस्त्रीने जाते खरी, पण कडाक्याच्या थंडीत ती परत उमटते आणि गडद कापडावर तिचा पांढुरका माग राहतो. गडद कापडाला पांढरी शिवणपेन्सिल आणि हलका हात यांना पर्याय नाही.

तपासणी: दोन्ही कर्ण मोजून पाहावेत. १२ सेंटीमीटरच्या चौकोनाचा कर्ण जवळजवळ १७ सेंटीमीटर असतो; दोन कर्णांत २ मिलिमीटरहून जास्त फरक असेल तर आखणी पुसून पुन्हा करावी.

टप्पा ४: उन्शिन, म्हणजे सुई चालवण्याची रीत

इथे घाई करणाऱ्याला पुढचे सगळे टप्पे जड जातात. सुरुवातीचे दोन-तीन दिवस दोरा न ओवता, चौकडीच्या जुन्या पंचावर रोज दहा मिनिटे ही हालचाल करावी.

१. सुईचे नेढ्याकडचे टोक तळहातातल्या चकतीवर किंवा चामड्यावर टेकवावे. सुई कापडाला जवळजवळ समांतर असावी.

२. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी सुईच्या टोकाजवळ आणावीत. कापड त्यांच्यामध्ये असते, अंगठा समोरून आणि तर्जनी मागून. सुईचे टोक बोटांपुढे जेमतेम ३ ते ५ मिलिमीटर दिसावे.

३. डाव्या हाताने उजव्या हातापासून साधारण १० ते १५ सेंटीमीटर अंतरावर कापड धरून ते ताणावे, पण खेचू नये.

४. आता डावा हात कापड थोडे आपल्याकडे आणतो आणि सुईचे टोक पलीकडे जाते; मग तोच हात कापड दूर नेतो आणि टोक अलीकडे येते. या वेळी तळहात सुईला मागून सतत हलका रेटा देत राहतो. टोक वर-खाली करण्याचे काम कापडाचे आहे, सुईचे नाही.

५. कापड चुण्या पडत सुईवर जमा होते. सुरुवातीला तीन-चार टाके चढले की थांबावे. हात बसल्यावर सुईच्या लांबीत मावतील तेवढे टाके घ्यावेत.

६. सुई ओढून काढावी आणि दोरा चुण्यांतून पूर्ण जाऊ द्यावा.

त्यानंतर येते इतोकोकी, म्हणजे दोरा सारखा करणे, आणि आकसलेल्या कापडाचे खरे औषध तेच आहे. रेषेच्या सुरुवातीचे टोक उजव्या हाताने धरावे, डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्यात टाक्यांची ओळ पकडावी आणि सुरुवातीकडून सुईकडे बोटे सरकवत चुण्या उलगडाव्यात. दर १० ते १५ सेंटीमीटरनंतर हे करावे, आणि एकदा नव्हे तर दोनदा करावे. ओळीच्या शेवटी एकदमच करू म्हटले तर मधले टाके तोवर बसलेले असतात आणि दोरा त्यांच्यातून सरकत नाही. मी माझ्या पहिल्या रुमालावर ही पायरी निरुपयोगी समजून सोडली होती. ३४ सेंटीमीटरचा रुमाल धुतल्यावर ३२ चा झाला आणि मधोमध पापडासारखा फुगला.

तपासणी: शिवलेली ओळ दोन्ही हातांनी टोकांना धरून हलकेच ताणावी. दोरा कापडाआधी ताठ होत असेल तर ओढ जास्त आहे. कापड ताणले गेल्यावर दोरा त्याच्यासोबत किंचित सरकला तर ओढ बरोबर आहे.

डावखुऱ्यांनी हे सगळे आरशातल्या प्रतिमेप्रमाणे उलट करावे. मात्र सुई डाव्या हातात आणि कामाची दिशा मात्र उजवखुऱ्यांची, असे मिश्रण करू नये.

टप्पा ५: दोऱ्याची सुरुवात आणि शेवट

दुहेरी कापडात गाठ मारून ती दोन थरांच्या मध्ये लपवता येते. वरच्या थरातून सुई सुरुवातीच्या बिंदूपासून २ सेंटीमीटर दूर आत घालावी, फक्त दोन थरांमधून नेऊन बिंदूवर बाहेर काढावी आणि गाठ हलक्या झटक्याने आत घ्यावी.

एकेरी कापडात गाठ नको. सुरुवातीच्या बिंदूपासून तीन-चार टाके पुढे जाऊन तिथून उलट दिशेने बिंदूपर्यंत यावे, मग वळून त्याच भोकांवरून पुन्हा पुढे जावे. दुहेरी झालेले हे टाके दोरा धरून ठेवतात. शेवटीही तसेच तीन-चार टाके मागे यावे आणि दोरा कापडालगत कापावा. दोरा संपत आला आहे हे ओळीच्या मधोमध लक्षात येऊ नये म्हणून नवी ओळ सुरू करण्यापूर्वी उरलेला दोरा त्या ओळीवर ठेवून मोजावा. ओळीच्या सव्वापटीहून कमी असेल तर तिथेच संपवावा.

टप्पा ६: पहिला नमुना, पायऱ्यांची नक्षी

या नक्षीला दान त्सुनागी, म्हणजे जोडलेल्या पायऱ्या, असे म्हणतात. आधी सगळ्या आडव्या ओळी पूर्ण करायच्या आणि नंतरच उभ्या. मधेच एखादी उभी ओळ घालून नक्षी कशी दिसते ते पाहण्याचा मोह होतो, पण त्याने कापडाची ओढ एकाच ठिकाणी बदलते.

१. पहिल्या आडव्या ओळीत पहिल्या घरावर टाका समोर, दुसरे घर रिकामे, तिसऱ्यावर टाका, असे २४ घरांपर्यंत जावे. शेवटचे घर रिकामे राहील.

२. ओळीच्या शेवटी सुई दोन थरांच्या मधून खालच्या ओळीच्या टोकावर काढावी. वळणावर दोऱ्याचा २ ते ३ मिलिमीटर सैलपणा ठेवावा. धुतल्यावर कापड जे थोडे हलते ते या सैलपणातून भागते.

३. दुसरी ओळ उलट दिशेने करावी. वरच्या ओळीचे शेवटचे घर रिकामे होते, म्हणून इथे त्याच टोकाच्या घरावर टाका समोर येईल.

४. अशा पंचवीस आडव्या ओळी झाल्यावर कापड पाव फेरा फिरवून उभ्या ओळीही त्याच नियमाने घालाव्यात: एका ओळीची सुरुवात टाक्याने, तर शेजारच्या ओळीची रिकाम्या घराने. उभा टाका आडव्या टाक्याच्या टोकाला जिथे मिळतो तिथे सुई त्याच भोकाच्या अगदी लगत जावी, पण आधीचा दोरा चिरून जाऊ नये. जाळीच्या प्रत्येक बिंदूवर एक आडवा आणि एक उभा टाका भेटला की तिरकी चढत जाणारी पायरी तयार होते.

उभ्या ओळींची सुरुवात चुकली तर नक्षी थोडी बिघडत नाही, तर वेगळीच होते. आडव्या ओळी पाळीपाळीने बदलल्या आणि उभ्या सगळ्या एकाच जागेवरून सुरू केल्या तर पायऱ्यांऐवजी गडाच्या तटावरच्या चर्यांसारखी वर-खाली जाणारी रेषा मिळते. दोन्ही दिशांच्या सगळ्या ओळी एकसारख्या सुरू केल्या तर सुटे सुटे चौकोन मिळतात. या दोन्ही नक्षी सुंदर आहेत, पण अर्ध्या कापडावर पायऱ्या आणि अर्ध्यावर चौकोन कोणालाच नको असतात.

तपासणी: दर पाच ओळींनंतर डावीकडची कड वरून खाली पाहावी. टाका, रिकामे, टाका, रिकामे असा क्रम दिसला पाहिजे. चूक सापडल्यास दोरा कापू नये. सुईतून काढून नेढ्याच्या बोथट टोकाने एकेक टाका उसवत मागे जावे. उसवलेला भाग केसाळ झाला असेल तर तो दोरा टाकून नवा घ्यावा.

टप्पा ७: मोयोझाशीकडे जाताना

इथे जाळी मदतीला नसते, म्हणून टाक्याची लांबी आधी ठरवावी: पुढे ३ मिलिमीटर, मागे २ मिलिमीटर, म्हणजे सेंटीमीटरला दोन टाके. त्यापेक्षा बारीक टाके घालण्याची चढाओढ नवशिक्यांत दिसते. टाके सारखे असणे हे टाके लहान असण्यापेक्षा जास्त दिसून येते.

कोपऱ्यावर टाक्याचे टोक नेमके कोपऱ्यात पडले पाहिजे, नाहीतर कोपरा गोल दिसतो. शेवटचा एकच टाका ओढून-ताणून बसवू नये. कोपरा साधारण अडीच सेंटीमीटरवर आला की उरलेल्या अंतरात किती टाके बसतात ते डोळ्यांनी मोजून फरक चार-पाच टाक्यांत वाटून द्यावा. दोन रेषा जिथे छेदतात तिथे टाक्यांमधली रिकामी जागा येऊ द्यावी, आणि आसानोहासारख्या तारकाकृती नक्षीत जिथे अनेक रेषा एका बिंदूला मिळतात तिथे प्रत्येक टाका केंद्राच्या १ मिलिमीटर अलीकडे थांबवावा. सगळ्या रेषा केंद्रातून ओढल्या तर तिथे दोऱ्यांचा गड्डा होतो.

रेषांचा क्रम ठरवताना एकेक आकृती पूर्ण करण्याऐवजी जास्तीत जास्त लांब सलग वाट शोधावी. शिप्पो ही एकमेकांत गुंतलेल्या वर्तुळांची नक्षी याचे चांगले उदाहरण आहे. ती आखायला बांगडी घ्यावी. बांगडीचा बाहेरचा व्यास मोजून त्याच्या निम्म्या मापाची चौकोनी जाळी काढावी आणि बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक छेदबिंदू केंद्र धरून बांगडी फिरवावी. शिवताना मात्र वर्तुळ विसरून जावे. एका वर्तुळाचा पाव भाग, तिथून पुढच्या वर्तुळाचा पाव भाग, अशी कर्णाच्या दिशेने जाणारी लाट धरून कापडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जावे. एका दिशेच्या सर्व लाटा झाल्या की दुसऱ्या दिशेच्या घ्याव्यात आणि वर्तुळे आपोआप पूर्ण होतात. वक्र रेषेवर सुईवर दोन-तीनच टाके घ्यावेत आणि इतोकोकी दर ५ सेंटीमीटरला करावी, कारण तिरक्या धाग्यांवर कापड जास्त ताणते.

एका रेषेवरून दुसरीवर उडी मारायची असेल तर १ सेंटीमीटरपर्यंत मागून सैल दोरा चालतो, ३ सेंटीमीटरपर्यंत दोन थरांमधून जावे आणि त्याहून जास्त अंतर असेल तर दोरा संपवून नव्याने सुरुवात करावी. गडद दोरा पातळ पांढऱ्या कापडाच्या थरांमधूनही आरपार दिसतो, म्हणून त्याला लांब उडी वर्ज्य.

टप्पा ८: धुणे आणि इस्त्री

कच्चा दोरा काढून कापड साबण न लावता थंड पाण्यात अर्धा तास बुडवावे. आखणीच्या रेषा पूर्ण गेल्या आहेत याची ओले असतानाच उजेडात खात्री करावी. राहिल्या असतील तर पुन्हा स्वच्छ पाणी घ्यावे. पिळू नये, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावे. मग ओलसर कापड सपाट पाटावर ठेवून चारही कोपरे हाताने काटकोनात आणावेत आणि सावलीत वाळू द्यावे. पूर्ण वाळण्याआधी जाड टॉवेलवर सुलट बाजू खाली ठेवून मागून इस्त्री करावी आणि इस्त्री ओढत न नेता उचलून टेकवावी, म्हणजे टाके टॉवेलमध्ये रुततात आणि पुढून ते चपटे न होता उठून दिसतात.